फौजी वडिलांचा बीपी घरी कसा सांभाळायचा

आमचे अण्णा फौजेतून रिटायर, साताऱ्याकडचे, दुखलं खुपलं तरी तोंडातून शब्द नाही, म्हणून सांगते की स्ट्रोकचं (म्हणजे लकव्याचं) सगळ्यात मोठं कारण वाढलेला बीपी आहे आणि ते दुखत नाही, मोजावंच लागतं. सकाळी चहा आणि गोळीच्या आधी पाच मिनिटं शांत बसवा, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या लेव्हलला, दोनदा मोजा आणि वहीत लिहा. अण्णा पूर्वीच्या रोलकॉलसारखं अगदी वेळेवर लिहितात. १४०/९० च्या वर सारखं येत असेल तर वही घेऊन ईसीएचएस पॉलिक्लिनिकला (माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्याला) जा, गोळ्या तिथे मिळतात. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद, हे अजिबात नको. शुगरही तपासा. बिडी सोडायचीच, कॅन्टीनची रम पण शक्यतो नकोच, पापड लोणचं कमी.

आणि तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर झोपवून वाट बघू नका, टाइम लिहून ठेवा, लगेच १०८, सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. इमर्जन्सीत रेफरलसाठी (पॉलिक्लिनिकच्या चिठ्ठीसाठी) थांबायचं नाही, पॉलिक्लिनिकला नंतर कळवा.