आउटबोर्ड इंजिन मिस मारतंय? कार्बोरेटर खोलण्याआधी या चुका टाळा

उजनीच्या फुगवट्यात जाळी टाकणारे असोत की करमाळ्याच्या काठावरून पलीकडे माणसं नेणारे, होडीच्या मागे लावलेलं इंजिन मिस मारायला, म्हणजे अडखळायला लागलं की बहुतेकांचा हात आधी कार्बोरेटरकडे (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाकडे) जातो. ही पहिली चूक. टाकीचं झाकण, नळी, तिच्यातला हाताने दाबायचा रबरी बल्ब, जोडणी, फिल्टर आणि पंप ओलांडल्यावर कुठे पेट्रोल कार्बोरेटरला पोचतं. यातल्या बऱ्याच जागा पाना न लावता तपासता येतात.

झाकणावरच्या हवेच्या स्क्रूपासून सुरुवात करा. तो आवळलेला राहिला तर इंजिन झटक्यात चालू होतं, थोडा वेळ छान पळतं आणि ऐन मध्यावर दम तोडतं. पेट्रोल उपसलं जातं, पण त्याच्या जागी हवा आत येत नाही. झाकण सैल करताना सुस्स आवाज आला आणि इंजिन पुन्हा लागलं, तर दोष सापडलाच. याउलट, होडी काठाला उन्हात उभी असेल तेव्हा नळी इंजिनापासून काढून ठेवा. सोलापूरच्या उन्हात बंद टाकी फुगते आणि तो दाब पेट्रोल इंजिनात ढकलतो. मग प्लग ओले होतात आणि दोरी ओढून हात दुखतात.

आता बल्ब. त्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. नवा बल्ब उलटा बसवलेला असेल तर पेट्रोल पुढे जाणारच नाही. बाण आभाळाकडे धरून दाबत राहा. काही दाबांत तो टणक व्हायला हवा. चपटा होऊन तसाच राहिला तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे: हवेचा स्क्रू, टाकीतली जाळी किंवा मुडपलेली नळी. कितीही दाबला तरी मऊच राहिला तर कुठेतरी हवा शिरतेय, बल्बाची झडप गेलीय, नाहीतर कार्बोरेटरची फ्लोटची सुई (आत येणारं पेट्रोल थांबवणारी) अडकलीय. सुई अडकली असेल तर कार्बोरेटरमधून पेट्रोल सांडताना दिसेल.

हवेची गळती मात्र फसवते. नळीत ओढ असते, म्हणून पेट्रोल बाहेर ठिबकत नाही, हवाच आत जाते. फिल्टरच्या पुढे पेट्रोलला चालणाऱ्या पारदर्शक नळीचा छोटा तुकडा जोडा. बुडबुडे पळताना दिसले की क्लिपा आणि जोडणीतली ओ-रिंग बघा. पाच-दहा रुपयांच्या रिंगपायी अख्खं इंजिन खोललं जातं, याचं खरंच वाईट वाटतं.

चालत्या इंजिनात बल्ब दाबला की रेस सुधारते आणि सोडला की पडते? टाकीकडची बाजू ठीक असेल तर इंजिनावरच्या पंपाचा पेट्रोल ओढणारा पडदा फाटला किंवा ताठरला असावा. बल्ब दाबत काठ गाठा, पण रोज तसं चालवू नका.

साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्याला इथेनॉल नवं नाही. पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता ते २० टक्क्यांपर्यंत असतं आणि ते ओलावा शोषतं. पाणी जास्त झालं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, आणि इंजिनाची नळी तळातूनच ओढते. फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून थोडा वेळ ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर वरून ताजं पेट्रोल घालून भागणार नाही, टाकी रिकामीच करावी लागेल. जुन्या नळ्यांचं रबरही आतून सुटतं आणि त्याचे काळे कण फिल्टरमध्ये सापडतात.

एवढं करूनही जमलं नाही तर कार्बोरेटर खोला. जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक पितळी भोकात) तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो.

ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागणारं टू-स्ट्रोक असेल तर चोक (हवा कमी करणारी झडप) अर्धा ओढून दिवस ढकलू नका. इंजिन चालतं, पण त्याला पेट्रोल कमी पोचलं म्हणजे ऑइलही कमीच पोचतं. पिस्टन धरला, म्हणजे जाम झाला, की खर्च नळी-बल्बाच्या कितीतरी पट जातो.