मोठ्या आकड्याची कुंडली कशी मांडायची
१४२८५७ घ्या. आधी अंकांची बेरीज करा, २७ येते, म्हणजे ९ ने भाग जाणारच, पण डायरेक्ट २७ नेच भागून बघा, ५२९१ येतात आणि बाकी शून्य! स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्येला आपल्या देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी हर्षद संख्या म्हटलं, किती गोड नाव आहे.

आता ५२९१, एक आड एक अधिक-वजा करा, ५−२+९−१ = ११, म्हणजे ११ ने भाग जातो, उरले ४८१, ते १३ गुणिले ३७. झाले मूळ अवयव, ३ चा घन × ११ × १३ × ३७. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा, ४×२×२×२ = ३२ विभाजक.

खरी मजा पुढे आहे. वर्ग करा, २०४०८१२२४४९ येतो, त्याचे शेवटचे सहा अंक तोडून उरलेल्यात मिळवा, २०४०८ + १२२४४९, परत १४२८५७!! म्हणजे ही कापरेकर संख्यापण आहे. हे कॅल्क्युलेटरवर नको, वहीत हाताने करा, हातचे घेत घेत शेवटी तोच आकडा उमटताना बघायला फार भारी वाटतं.

आणि हो, ७ ने गुणून बघा, ९९९९९९.