कांटची परिभाषा: सुरुवात कुठून करावी आणि पाय कुठे घसरतो

अठराव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याचं 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन' वाचताना शब्दसूची पाठ करण्याचा फारसा उपयोग होत नाही. त्याच्या संज्ञा बहुधा जोडीनं येतात आणि प्रत्येक जोडीमागे एक प्रश्न असतो. आधी तो प्रश्न पकडावा.

प्रत निवडताना समास बघा. पहिली आवृत्ती १७८१ची, दुसरी १७८७ची. त्यांचे पृष्ठांक 'ए' आणि 'बी' अशा खुणांनी देतात. ते छापलेले नसतील तर ती प्रत घेऊ नका, कारण सगळे भाष्यकार त्याच आकड्यांनी बोलतात. सुरुवात बी १ ते बी ३० या उपोद्घातापासून करा.

वाचताना वहीत चार घरांचा तक्ता आखा. आडवा प्रश्न: विधान खरं ठरवायला अनुभवाची साक्ष लागते का? लागत असेल तर ते अनुभवाश्रित, नसेल तर अनुभवपूर्व. उभा प्रश्न: विधेय उद्देश्याच्या संकल्पनेत आधीच सामावलेलं आहे का? असेल तर विधान विश्लेषक, नसेल तर संश्लेषक. 'सर्व जडवस्तू जागा व्यापतात' हे विश्लेषक. 'सर्व जडवस्तूंना वजन असतं' हे संश्लेषक आणि अनुभवाश्रित. ७ + ५ = १२ हे मात्र कांटच्या मते संश्लेषक असूनही अनुभवपूर्व आहे, आणि अशी विधानं शक्य तरी कशी होतात, हा त्याचा मूळ प्रश्न. चौथं घर, म्हणजे विश्लेषक पण अनुभवाश्रित, रिकामंच राहतं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे 'अनुभवपूर्व'चा अर्थ 'जन्मजात' असा घेणं. बी १ वरच कांट बजावतो की आपलं सगळं ज्ञान अनुभवाबरोबर सुरू होतं, पण म्हणून ते सगळं अनुभवातूनच निपजतं असं नाही. प्रश्न काळाचा नाही, आधाराचा आहे.

बारा पदार्थप्रकार, म्हणजे ज्या मूळ संकल्पनांवाचून कुठल्याही वस्तूचा विचारच करता येत नाही त्या (चार गटांत तीन-तीन), एकदम पाठ करू नका. कार्यकारणभाव हा एकच घ्या आणि बी २३५ पासूनची पानं सावकाश वाचा. घराकडे छपरापासून पायापर्यंत बघा, किंवा पायापासून वर. क्रम तुमच्या मर्जीचा. आता प्रवाहाबरोबर खाली जाणारं जहाज बघा. ते आधी वर दिसतं, मग खाली. हा क्रम उलटवता येत नाही. दोन्हीकडे संवेदना एकामागून एकच येतात, मग जहाजाच्याच बाबतीत 'घटना घडली' असं आपण कशाच्या बळावर म्हणतो? कांटचं उत्तर: हा क्रम एखाद्या नियमानं बांधलेला आहे असं धरल्यावाचून तसं म्हणताच येत नाही. 'आधीचं ते नंतरच्याचं कारण' असा अर्थ काढू नका. जहाजाचं वरचं ठिकाण खालच्या ठिकाणाचं कारण नव्हे. ब्रिटिश तत्त्वज्ञ पी. एफ. स्ट्रॉसन यांनी १९६६मध्ये या युक्तिवादावर कठोर आक्षेप घेतला. तो जरूर वाचावा, पण मूळ पानं पचल्यावर.

'दृश्यरूप' (वस्तू आपल्याला जशी प्रतीत होते ती) आणि 'वस्तू स्वतः' (आपल्या जाणण्यापासून अलग, मुळात जशी असेल ती) या जोडीपाशी मराठी वाचक चटकन मायावादाकडे वळतो. ते टाळा. दृश्यरूप म्हणजे भ्रम नव्हे. बी ६३ वर इंद्रधनुष्याचं उदाहरण आहे: व्यवहारात आपण इंद्रधनुष्याला नुसतं दिसणं म्हणतो आणि पावसाच्या थेंबांना खरी वस्तू. तो भेद कांटलाही मान्य आहे, पण थेंबही अवकाशातच आहेत आणि अवकाश हा आपल्या संवेदनशक्तीचा आकार, म्हणजे आपली इंद्रियं वस्तू ज्या चौकटीत ग्रहण करतात ती चौकट, आहे, म्हणून तेही दृश्यरूपच. भौतिकशास्त्र ज्यांचा अभ्यास करतं ती सगळी दृश्यरूपंच, आणि त्यांचं ज्ञान पक्कं असतं.

'ट्रान्सेंडेंटल' आणि 'ट्रान्सेंडेंट' यांना एकच प्रतिशब्द वापरू नका. पहिला अनुभव शक्य करणाऱ्या अटींविषयी, दुसरा अनुभवाच्या सीमेपलीकडच्या गोष्टींविषयी.

बी १२९ ते १६९ हे पदार्थप्रकारांच्या समर्थनाचं प्रकरण सर्वांत अवघड. कांटनं दुसऱ्या आवृत्तीसाठी ते नव्यानं लिहिलं. पहिल्या वाचनात ते सोडून पुढे जा, आणि जहाजाचा युक्तिवाद स्वतःच्या शब्दांत मांडता आला की मगच परत या.