काश्मीरात बर्फ पडला की आपल्या वावरात किती गारठणार, ते घरबसल्या कसं ओळखायचं

डिसेंबर लागला की काश्मीरच्या बर्फाचे व्हिडिओ ग्रुपवर सुरू होतात आणि कोणीतरी पोट्टं विचारतेच, आपल्याकडे कधी पडन? आपल्या विदर्भात नाही पडत बापा, पण तिकडच्या बर्फाचा आणि आपल्या गारठ्याचा संबंध आहे आणि तो एकदा समजला की थंडी मोजायचा नादच लागते.

आधी संबंध सांगतो. भूमध्य समुद्राकडून निघालेला वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे पश्चिमेकडून येणारा पाऊस-बर्फाचा वादळी पट्टा, इराण-अफगाणिस्तानावरून येतो आणि हिमालयात बर्फ टाकतो. तो तिकडे असेपर्यंत आपल्याकडे बरेचदा आभाळ येतं, रात्री गोधडी नकोशी होते. तो पुढे सरकला, आभाळ मोकळं झालं आणि मध्य प्रदेशाकडून उत्तरेचा कोरडा वारा सुटला की मग दोन-तीन दिवसांत पारा धडाधड खाली. म्हणून बर्फाची बातमी आली की त्या दिवशी स्वेटर शोधू नका, वारा कधी फिरतो ते बघा.

आता मोजायचं कसं. कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर घ्या, वायरवाला डिजिटल चालते. तो लावायची जागा हीच खरी भानगड आहे. मी पहिल्या वर्षी गोठ्याच्या टिनाला आतून टांगला होता आणि गावभर सांगत फिरलो की आपल्याकडे थंडीच नाही, आबा म्हणे, "अरे, ढोरायच्या अंगाची ऊब मोजून राहिला तू!" बरोबरच होतं त्यांचं, आत आणि बाहेर चार अंशाचा फरक निघाला. मग संत्र्याच्या पेटीच्या फळ्या काढून फटीफटीचा डबा केला, पांढरा रंग मारला आणि मोकळ्या अंगणात खांबावर चार-साडेचार फुटांवर बसवला, दार उत्तरेकडे म्हणजे उघडलं तरी ऊन आत शिरत नाही. भिंतीजवळ नको, सिमेंटच्या ओट्यावर नको, ते दिवसभराची गरमी रात्री सोडत राहतात.

यंत्र बरोबर दाखवते का, तेही एकदा बघून घ्या. बाजारातल्या मच्छीवाल्याकडून थोडा बर्फ आणायचा, बारीक ठेचायचा, थोडं पाणी टाकून वायरचं टोक त्यात पाच-दहा मिनिटं ठेवायचं, शून्य आलं पाहिजे. माझं ०.८ दाखवत होतं, तेवढं दरवेळी वजा करतो. आपल्या गावात बर्फाचं काम एवढंच.

रोज सकाळी साडेआठला वाचा, हवामान खात्याची नोंदही त्याच वेळची असते. किमान बहुतेक सूर्य उगवायच्या आसपास होऊन गेलेलं असतं, ते लिहून यंत्र रिसेट करायचं. वहीत आभाळ, वारा, दव, धुवारी (धुकं) कधी आली नि कधी उठली, हेही लिहा, कारण तूर फुलावर असताना कास्तकाराला पहिले तेच पाहिजे.

मग नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा आकडा आपल्या आकड्याशी लावून बघा, मजा तिथे आहे. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश होते, आणि गोंदियाचं नाव तर बहुतेक हिवाळ्यात थंडीच्या यादीत वर असतेच. गाव खोलगट असलं तर शांत रात्री थंड हवा नाल्याकडे उतरून साचते. आमच्या घराचं आणि नाल्याकाठच्या वावराचं वाचन एकाच पहाटे अडीच अंशांनी वेगळं आलं. वाऱ्याच्या रात्री तो फरक गायब. यंत्र नसलं तरी पहाटे चुलीचा धूर बघा, थोडा वर जाऊन छतासारखा आडवा पसरला तर वर गरम आणि खाली थंड हवा आहे समजा.

थंडीची लाट हा शब्द मात्र जपून वापरा. सपाट भागात किमान १० अंश किंवा त्याखाली, आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी, असा खात्याचा हिशेब आहे. (४ अंश किंवा त्याखाली गेलं तर मग सरासरी बघत नाहीत.) टीव्हीवाले तर १२ लाच लाट आणतात.

जानेवारी-फेब्रुवारीत डिस्टर्बन्स खाली उतरला आणि त्याला बंगालच्या उपसागराची ओल मिळाली की गारपिटीचा धोका. त्या दिवशी नागपूरच्या रडारचं चित्र आणि विजेसाठी दामिनी ॲप उघडं ठेवा, कडकड सुरू झाली की घरात या. गारा थांबल्या की लगेच पट्टी ठेवून फोटो काढा, पट्टी नसली तर नाणं, कारण पाच-दहा मिनिटांत बोराएवढी गार हरभऱ्याएवढी होते. वेळ आणि किती मिनिटं पडल्या तेही लिहा. पीक विमा असेल तर नुकसान ७२ तासांच्या आत कळवावं लागते, तेव्हा हाच फोटो आणि हीच वही कामी येते.