सापाला जिवंत उंदीर की मेलेला? बॉल पायथनला गोठवलेल्या खाण्याची सवय लावताना

गुंडू, म्हणजे माझा बॉल पायथन जातीचा छोटा अजगर, घरी आला त्या दिवशी दुकानदाराने त्याच्यासोबत पुठ्ठ्याच्या खोक्यात एक जिवंत उंदीर दिला आणि म्हणाला, "याला हेच लागतं, दुसरं काही खाणार नाही." अमेरिकेतल्या एडिसनमधल्या घरापर्यंत पाऊण तास मी त्या खोक्यातली खरखर ऐकत गाडी चालवली. रात्री उंदीर सापाच्या काचेच्या टाकीत सोडला, दिवा मालवला आणि झोपलो. सकाळी उंदीर ठणठणीत होता. गुंडू मात्र कोपऱ्यात गोळा होऊन बसला होता आणि त्याच्या पाठीवरचे खवले तीन ठिकाणी कुरतडले गेले होते.

शिकारी कोण आणि शिकार कोण, याचा हिशोब टाकीत उलटा होऊ शकतो. रानात सापाला न आवडलेला उंदीर निघून जातो. काचेच्या पेटीत त्याला जायला वाट नसते. रात्रभर घाबरलेला, भुकेला उंदीर समोर जे येईल ते कुरतडतो आणि बॉल पायथन घाबरला की उलट हल्ला न करता डोकं आत घेऊन चेंडूसारखा गुंडाळून बसतो. पाठीचा मणका उघडा पडेपर्यंत चावलेले साप प्राण्यांच्या डॉक्टरांकडे येतात. साप घाबरला नाही आणि त्याने उंदराला पकडलं, तरी विळख्यात सापडलेला उंदीर शेवटच्या क्षणी डोळ्याला किंवा जबड्याला चावू शकतो. म्हणून मी मेलेल्या, गोठवलेल्या उंदरांच्या बाजूचा आहे. शिवाय उंदराच्या बाजूनेही थोडा विचार करायला हरकत नसावी.

आधी एक खुलासा. मी अमेरिकेत राहतो, इथे बॉल पायथन पाळायला माझ्या राज्यात परवाना मिळतो. भारतात वाचत असाल तर धामण, नाग, अजगर किंवा इथला कुठलाही रानटी साप घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग तुम्ही त्याला कितीही प्रेमाने खायला घाला. बॉल पायथन मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. ज्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे अशांच्या यादीतल्या (सायटीस) त्याच्यासारख्या परदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. आणि हो, दूध कुठलाच साप आवडीने पीत नाही. आई दर नागपंचमीला साताऱ्याहून फोन करून "त्याला वाटीभर दूध तरी दिलंस का रे?" असं विचारते आणि मी दर वर्षी "पाणी दिलं गं" असं सांगतो.

उंदीर किती मोठा हवा

सापाच्या अंगाचा सगळ्यात जाड भाग जेवढा, तेवढ्याच जाडीचा उंदीर घ्या. वजनकाटा असेल तर आणखी बरं. पहिल्या वर्षात उंदराचं वजन सापाच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, पुढे वाढ मंदावली की ५ ते ७ टक्के. गुंडू तेव्हा ६०० ग्रॅमचा होता, त्याला ६० ग्रॅमचा उंदीर पुरायचा. पिल्लाला साधारण आठवड्याने, मोठ्या सापाला दोन ते चार आठवड्यांनी एकदा खायला द्यायचं. जास्त खाऊ घालण्याची हौस टाळा. लठ्ठ साप दिसायला गुबगुबीत दिसतो, पण त्याच्या यकृतावर चरबी साठते.

दुकानात गेलात की भाषेचा घोळ होतो. आपल्या मराठीत माऊसही उंदीर आणि रॅटही उंदीर, फार तर घूस वेगळी आणि चिचुंद्री वेगळी. विक्रेत्याकडे मात्र दोन्ही वेगळे मिळतात: माऊस मोठा झाला तरी २५-३० ग्रॅमचा, रॅट तीनशे ग्रॅमच्याही पुढे जातो. वयाप्रमाणे नावंही वेगळी: केस न फुटलेलं पिल्लू म्हणजे पिंकी, लव आलेलं फझी, उड्या मारू लागलेलं हॉपर. बॉल पायथनला शक्यतो लहानपणापासूनच रॅटची सवय लावा. माऊसवरच वाढलेल्या मोठ्या सापाला एका बैठकीत चार-पाच माऊस लागतात आणि तो रॅटकडे ढुंकूनही पाहत नाही.

गोठवलेला उंदीर आणल्यावर

गोठवलेले उंदीर पाकिटात मिळतात. ते उणे १८ अंशांवर ठेवा आणि सहा महिन्यांत संपवा. स्वयंपाकघरातल्या फ्रीजरमध्ये मटाराशेजारी ठेवू नका. २०१० च्या सुमारास अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये गोठवलेल्या खाद्य-उंदरांमुळे साल्मोनेलाची लागण पसरली होती आणि आजाऱ्यांमध्ये लहान मुलं बरीच होती. गोठवल्याने काही परजीवी मरतात, पण हा जिवाणू तग धरतो. आमच्याकडे गॅरेजमध्ये छोटा वेगळा फ्रीजर आहे. वेगळा फ्रीजर शक्य नसेल तर निदान घट्ट झाकणाचा डबा हवा, त्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि तो डबा दुसऱ्या कशालाही वापरू नका.

उंदीर घरी मारण्याच्या फंदात पडू नका. जिवंत उंदीर फ्रीजरमध्ये टाकणं किंवा पाण्यात बुडवणं क्रूर आहे आणि अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या मार्गदर्शक तत्त्वांतही ते अमान्य आहे. चांगले विक्रेते कार्बन डायऑक्साइड वापरतात. खरेदीच्या वेळी पद्धत विचारा, प्रामाणिक माणूस सांगतो.

वितळवणं आणि गरम करणं

आदल्या रात्री उंदीर बंद डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तो मऊ होतो. पोट बोटाने हलकेच दाबून पाहा. आत टणक लागलं तर बर्फ अजून बाकी आहे, थांबा. अर्धवट गोठलेलं पोट आत गेलं तर साप उलटी करतो आणि सापाची उलटी ही माणसाच्या उलटीसारखी किरकोळ गोष्ट नसते.

मग उंदीर झिपच्या पिशवीत घालून ती पिशवी गरम पाण्यात बुडवा. पाणी हाताला सोसवेल इतकंच गरम, उकळतं नको. वीस-तीस मिनिटं लागतात, मधे पाणी एकदा बदला. मायक्रोवेव्ह अजिबात नको. एक भाग शिजतो, दुसरा थंड राहतो आणि पोट फुटलं तर त्यानंतरचा आठवडा घरात तुमची खैर नाही.

आता खरी गंमत. बॉल पायथनच्या ओठांवर बारीक खाचा असतात, त्यांनी त्याला उष्णता कळते. अंधारात त्याला उंदीर म्हणजे उबेचा एक ठिपका दिसतो. ठिपका थंड असेल तर त्याच्या दृष्टीने समोर काहीच नाही. म्हणून उंदराच्या अंगाचं तापमान ३८ ते ४० अंशांपर्यंत आणा. अंतर ठेवून तापमान मोजणारी छोटी बंदूक स्वस्तात मिळते, ती घ्याच. शेवटी नाक आणि डोकं पुन्हा काही सेकंद गरम पाण्यात धरा, म्हणजे सगळ्यात गरम भाग डोकं राहतं. साप बहुधा डोक्याकडून गिळायला सुरुवात करतो, तोच भाग त्याला आधी दिसायला हवा. केस कागदी रुमालाने टिपून कोरडे करा.

देताना

दिवस मावळल्यावर, खोलीतले दिवे मंद करून. त्या दिवशी सापाला हातात घेऊ नका. खायला घालायला त्याला वेगळ्या डब्यात हलवा असा सल्ला अजून ऐकू येतो, त्याकडे दुर्लक्ष करा. उचलाउचलीने भित्रा साप आणखी भितो.

निदान ३० सेंटिमीटर लांब चिमटा हवा. उंदराला खांद्यामागच्या कातडीला धरा, डोकं सापाकडे, आणि त्याच्या तोंडापासून दहा-पंधरा सेंटिमीटरवर हळू हलवा. थोडं हलवा, थोडं थांबा. खरा उंदीरही असाच थबकत जातो. थेट नाकावर आपटलंत तर गुंडूसारखा साप मागे सरतो आणि तो दिवस गेला समजा. जीभ भराभर आत-बाहेर होऊ लागली, मानेचा एस आकार झाला की हात स्थिर धरा.

झडप बसून विळखा पडला की चिमटा लगेच सोडू नका. एकदोनदा अगदी हलका हिसका द्या. शिकार धडपडते आहे असं वाटलं की विळखा घट्ट होतो. २०१५ साली बोआ जातीच्या सापांवर झालेल्या प्रयोगात दिसलं की विळख्याने आधी रक्ताभिसरण बंद पडतं, श्वास कोंडण्याची वेळही येत नाही. मेलेल्या उंदरालाही साप हाच सगळा सोपस्कार करतो. त्याला तो करू द्या आणि तुम्ही खोलीबाहेर जा. पाहुण्यांना बोलावून हा तमाशा दाखवण्याची काही लोकांना हौस असते. माझ्या घरी ती परवानगी नाही.

खाल्ल्यानंतर ४८ तास हात लावायचा नाही. मोठ्या घासानंतर बर्मी अजगराचं हृदय दोन दिवसांत ४० टक्क्यांपर्यंत वाढतं, असं २००५ साली दाखवलं गेलं आहे. आत एवढा कारखाना चालू असताना उचलणं म्हणजे उलटीला आमंत्रण. उलटी झालीच तर दोन आठवडे काही देऊ नका. नंतर निम्म्या आकाराचा उंदीर द्या. पुन्हा झाली तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जा.

जिवंतवरून गोठवलेल्यावर आणायचं कसं

इथे घाई करणारा हरतो. गुंडूला अकरा आठवडे लागले.

खाण्याच्या आधी घर बघा. लपायला दोन जागा, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला. गरम बाजू ३१ ते ३३ अंश, थंड बाजू २५ ते २७, दमटपणा साठ टक्क्यांच्या आसपास. उघड्यावर बसलेला बॉल पायथन खात नाही, हे मी पहिल्या महिन्यात शिकलो. टाकीच्या तीन बाजूंना काळा कागद लावल्यावर तो निम्मा माणसाळला. डोळे दुधाळ झाले असतील, म्हणजे कात टाकायची वेळ आली असेल, तर प्रयत्नच करू नका.

मग दोन आठवडे उपवास. त्यानंतर विक्रेत्याकडून नुकताच मारलेला, अंगात ऊब असलेला उंदीर आणून चिमट्याने द्या. जिवंत उंदराचा वास आणि ऊब त्यात असते, फक्त हालचाल तुम्ही पुरवायची. हा टप्पा दोन-तीन वेळा जमला की गोठवलेल्याकडे वळा. गुंडू इथेच अडला. मग आम्ही जिवंत उंदरांच्या पिंजऱ्यातला भुसा दुकानातून मागून आणला आणि वितळलेला उंदीर त्यात घोळवून दिला. तरी नाही. शेवटी जे जमलं ते ऐकून किळस येईल, पण सांगतो: उंदराच्या कवटीला सुईने छोटं भोक पाडायचं, म्हणजे आतला वास बाहेर येतो. त्या रात्री मी उंदीर त्याच्या लपायच्या जागेच्या तोंडाशी बशीत ठेवला आणि गेलो. सकाळी बशी रिकामी.

रोज प्रयत्न करू नका. सात-दहा दिवसांनी एकदा. रात्रभर ठेवलेला उंदीर सकाळी टाकून द्या, पुन्हा गोठवायचा नाही. प्रत्येक प्रयत्नाची तारीख आणि सापाचं वजन वहीत लिहा. हिवाळ्यात बॉल पायथन महिनोन्महिने उपाशी राहतो, नर तर हमखास, आणि तब्येतीला काही होत नाही. घाबरायचं कधी ते वजन सांगतं. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर डॉक्टर.

आणि जिवंतच द्यावा लागला तर

असे साप असतात, विशेषतः रानातून धरून आणलेले. उपाशी मरू देण्यापेक्षा जिवंत द्या, पण डोळ्यांसमोर. सापाला पुरेल त्यापेक्षा किंचित लहान उंदीर घ्या, त्याला आधी पोटभर खाऊ-पिऊ घाला, म्हणजे तो कुरतडायला कमी धावतो. लांब चिमटा हातात ठेवा आणि तिथून हलू नका. वीस मिनिटांत पकडला नाही तर उंदीर बाहेर काढा. फोन आला, दाराची बेल वाजली, तरी आधी उंदीर बाहेर.

त्या उंदराचं पुढे काय, हे सापाला खायला घालायच्या आधीच ठरवलेलं असावं. पिंजरा, पाण्याची बाटली, दाणे तयार ठेवा. आमचा पहिल्या रात्रीचा उंदीर असाच राहिला. मुलीने त्याचं नाव मूषकराव ठेवलं आणि तो दोन वर्षं जगला. त्याचा पिंजरा मात्र घराच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या खोलीत. तिथे खेळून कोणी हात न धुता गुंडूला उचलायला गेलं की तो वास घेऊन मानेचा एस करायचा, म्हणून टाकीच्या झाकणावर आम्ही चिठ्ठी चिकटवली: आधी साबण.