पाऊस पाहता, वीज कोण पाहणार? वावरातल्या या चुका टाळा

पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरी असली की विजेनं मेलेली ढोरं दरवर्षी पाहावी लागतात. मे-जूनमध्ये एक फेरा, परतीच्या पावसात दुसरा. गावं बदलतात, चुका त्याच. आपल्याकडे माणूस हलतो तो अंगावर थेंब पडल्यावर. ढगापासून दहा किलोमीटर लांब, ठणठणीत कोरड्या वावरातही वीज पडू शकते, हे कुणी मनावर घेत नाही. गडगडाट कानावर आला म्हणजे तुम्ही टप्प्यात आहात, एवढं साधं आहे.

माझा सगळ्यात जास्त राग सोयाबीनच्या गंजीवर. सोंगणी झाली की कापलेल्या पिकाची गंजी लावायची, ताडपत्री घडी करून कोपऱ्यात टाकायची आणि आभाळ काळं झालं की घरादारानं पळत सुटायचं. मग मोकळ्या वावरात सगळ्यात उंच जागा कोणती? गंजी. तिच्यावर उभा कोण? घरातला तरणा पोरगा.

यवतमाळकडच्या एका वावरात असंच झालं. पोरगा गंजीवर, बाप खाली दोर धरून. शेजारचा ओरडतोय, खाली उतर. पोरगा म्हणतो, “थांब ना बाप्पा, दोनच कोपरे राह्यले!” वीज पडली ती धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुनिंबावर. पोरगा गंजीवरून फेकला गेला, दिवसभर कानात शिट्टी वाजत होती, पण वाचला. निंबाखाली बांधलेली बैलजोडी जागीच गेली. मी पोहोचलो तेव्हा एका बैलाच्या तोंडात कडब्याचा घास तसाच होता. अंगावर जखम नाही, केसही जळलेला नाही. निंबाची साल मात्र शेंड्यापासून बुडापर्यंत हातभर रुंद सोलून निघालेली. मालक म्हणे, वीज झाडावर पडली, मग बैल कसे मेले?

असेच मरतात. झाडावर पडलेली वीज बुडाशी येऊन जमिनीत चहूकडे पसरते. बुडाजवळ तिचा दाब जास्त, लांब जाल तसा कमी. बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत चार-पाच फुटांचं अंतर असतं, म्हणून एका टोकानं प्रवाह शिरतो, काळजातून जातो आणि दुसऱ्या टोकानं निघतो. म्हणून तर एका झाडाखालचा अख्खा कळप आडवा होतो आणि गुराखी कधीकधी वाचतो. माणूसही खोडाला टेकला असेल तर खोडावरून थेट त्याच्यावर उडी पडते. निंब असो, मोह असो की बाभूळ, कोणतंच झाड यातून सुटत नाही.

माझी स्वतःची सवय अशी की सोंगणीच्या दिवसांत ताडपत्री दुपारच्या जेवणाआधीच चढते, कडेनं मातीची पोती लागतात, आभाळ निरभ्र असलं तरी. लोक हसतात. हसू द्या. गंजी उघडी राहिली आणि गडगडायला लागलं तर ती भिजू द्यायची. ढोरांचं दावं झाडाला बांधायचंच नाही. वेळ असेल तर कोठ्याकडे हाका, नसेल तर सोडून द्या. घरची वाट त्यांना ठाऊक असते.

बाकीच्या चुका थोडक्यात. रानडुकरांसाठी लावलेल्या तारेच्या कुंपणाजवळ थांबू नका, लांब पडलेली वीजही तारेवरून येते. चार खांबांवरचं उघडं टिनाचं छप्पर पावसापुरतंच; आसरा हवा तर पक्कं घर किंवा टिनाच्या टपाची बंद गाडी. निंदणाच्या बायांनी एका ताडपत्रीखाली दाटीनं बसू नये, पांगावं. काहीच आसरा नसेल तर पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं पडू नका. आणि “पायाळू (पायाकडून जन्मलेल्या) माणसावरच वीज पडते” ही खुळी समजूत ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप चांगलं आहे, वीज किती जवळ आली ते काही मिनिटं आधी सांगतं. पण तरुण पोरं ते टाकतात, लोकेशन बंद ठेवतात आणि ‘काही कामाचं नाही’ म्हणून काढून टाकतात. शिवाय शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं असतं. पाच मिनिटांत ऊन पडलं म्हणून धुऱ्यावर निघणाऱ्याला काय सांगणार?

वीज लागलेल्या माणसाला शेणात पुरणं अजूनही कुठेकुठे चालतं. त्यात वाचवायची वेळच निघून जाते. त्याच्या अंगात वीज साठलेली नसते, बिनधास्त हात लावा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला शंभर-एकशेवीसच्या वेगानं दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

जनावर मेलं तर पंचनाम्याआधी पुरू नका. “सायेब, वास सुटला व्हता, म्हून गाडून टाकलं,” हे वाक्य ऐकलं की मी कपाळावर हात मारतो. दुधाळ गाय-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,००० आणि शेळीला ४,००० रुपये मदत धरलेली आहे. ती तलाठ्याचा पंचनामा आणि डॉक्टरची शवतपासणी असेल तरच हाती लागते. आधी फोटो, मग तलाठ्याला फोन, मग आम्हाला. खड्डा खणायची घाई त्यानंतर.