चार नळ्या आणि मागची झालर : एक्झॉस्टच्या कामातील माझी उमेदवारी

रत्नागिरीच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका गॅरेजमध्ये लागलो, तेव्हा जुना सायलेन्सर उतरवून नवा टांगायचा, एवढीच एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनाचा धूर मागे नेणाऱ्या नळ्यांच्या, कामाची माझी समज होती. त्या गॅरेजमध्ये अधूनमधून स्पोर्ट्स कार येत आणि त्यांच्या मालकांची मागणी बहुतेक वेळा एकच असे : मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन, अशा चार नळ्या दिसाव्यात आणि त्यांना शोभेल असा व्हॅलन्स बसावा. व्हॅलन्स म्हणजे मागच्या बंपरखालची झालर. गॅरेजमध्ये तिला सर्रास डिफ्यूझर म्हणतात. या कामात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी माझा अनुभव येथे लिहीत आहे.

पहिला धडा गाडीखालच्या जागेचा होता. ज्या गाडीला मुळात एकाच बाजूला सायलेन्सर आहे, तिच्या दुसऱ्या बाजूला बहुधा सुट्या चाकाचा खळगा, बॅटरी किंवा इंधनाच्या नळ्या असतात. बीएमडब्ल्यूने 2000 साली आणलेल्या ई46 एम3 या गाडीत मागे आडवा, मोठा सायलेन्सर बसतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना दोन-दोन नळ्या येतात. परंतु त्यासाठी तिच्या मागच्या तळाची रचनाच वेगळी असून तीत सुट्या चाकाचा खळगा नाही. एम3 ज्या थ्री सिरीजवर बेतलेली आहे, त्या साध्या थ्री सिरीजचा मालक तेच रूप मागतो, तेव्हा गाडी लिफ्टवर चढवून टेपने मोजल्याशिवाय होकार देऊ नये, हे मेस्त्रींनी मला दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा ते मी स्वतःच्या चुकीतून शिकलो, कारण नळ्या मागवून झाल्यावर त्या बसत नाहीत असे ग्राहकाला सांगण्याची पाळी माझ्यावर आली.

त्याहून मोठी चूक पहिल्याच पावसाळ्यानंतर झाली. एका कूपे गाडीच्या चारही नळ्या मी व्हॅलन्सच्या खाचांमध्ये इतक्या नेटक्या बसवल्या की भोवती जेमतेम 5 मिलिमीटर फट राहिली, आणि गाडी दिसायला इतकी सुबक झाली की मी तिचा फोटोही काढून ठेवला. मालक आंबा घाट चढून कोल्हापूरला पोहोचले आणि तिथून त्यांनीही मला एक फोटो पाठवला : उजव्या बाजूच्या खाचेची खालची कड वितळून नळीला चिकटली होती. व्हॅलन्स बंपरला जखडलेला असतो, तर एक्झॉस्ट पुढे इंजिनाला जोडलेला आणि मागे रबरी हँगरवर लोंबकळलेला असतो, त्यामुळे दोघे कधीच एकत्र हलत नाहीत, ही गोष्ट त्या दिवशी माझ्या डोक्यात नीट शिरली. स्टेनलेस स्टीलचा 3 मीटर लांबीचा नळ सरासरी 300 अंश सेल्सिअसने तापला, तर तो सुमारे 15 मिलिमीटर लांबतो. त्यात तापलेले रबर सैल पडून नळी थोडी खाली उतरते. इंजिन आडवे बसवलेले असेल, तर ॲक्सिलरेटर दाबताच नळी पुढे-मागे सरकते. उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असेल, तर ती डावीकडे-उजवीकडे डोलते. तेव्हापासून मी चहूबाजूंनी निदान 12 ते 15 मिलिमीटर फट ठेवतो, खालच्या बाजूला त्याहून थोडी अधिक.

कामाचा क्रमही त्यातूनच पक्का झाला. आधी व्हॅलन्स रंग न देता नुसता लावून पाहावा. मग संपूर्ण एक्झॉस्ट हँगरवर टांगावा आणि सगळे क्लॅम्प हातानेच आवळावेत; हँगरच्या रबराला साबणाचे पाणी लावले की नळीला जोडलेली सळई त्यात अलगद जाते, तेल मात्र लावू नये, कारण त्याने रबर फुगते. नळ्यांची उंची जमिनीपासून मोजू नये, कारण गॅरेजची फरशी क्वचितच सपाट असते. बंपरच्या खालच्या कडेपासून मोजावी. जुळणी झाली की क्लॅम्प पुढून मागे या क्रमाने घट्ट करावेत, इंजिन वीस मिनिटे चालवावे आणि एक्झॉस्ट तापलेला असतानाच, जाड हातमोजे घालून, फटी पुन्हा मोजाव्यात. नळ्या वेल्डिंगने जोडायच्या असतील, तर टाके त्यानंतरच मारावेत, आणि त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी.

व्हॅलन्सच्या रंगकामाबद्दल थोडक्यात सांगतो. पॉलिप्रॉपिलीनच्या भागावर प्लॅस्टिकसाठीचा खास प्रायमर दिल्याशिवाय रंग धरत नाही, आणि जुलैच्या दमट हवेत उघड्या शेडमध्ये मारलेल्या लॅकरवर पांढरट झाक येते. कार्बन फायबरचा व्हॅलन्स असेल, तर ॲल्युमिनियमचे रिव्हेट किंवा जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू वापरू नयेत. कार्बन वीजवाहक असल्याने खाऱ्या ओलाव्यात त्यांचा गंज झपाट्याने वाढतो.

खाऱ्या वाऱ्याचा हा विषय किनाऱ्यावर टाळताच येत नाही. ग्राहक स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारे असे समजतो, पण 409 प्रतीच्या स्टीलमध्ये क्रोमियम जेमतेम 11 टक्के असते आणि भाट्याच्या पुळणीजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीवर ते लवकर तांबूस होते. 304 मध्ये क्रोमियम सुमारे 18 आणि निकेल 8 टक्के असते, तरीही समुद्राजवळ त्यावर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग पडतात. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असल्याने ते मिठाला अधिक टिकते. दिसणाऱ्या टोकांपुरते तरी ते घ्यावे, असे मी सुचवतो. आमच्याकडून होणारी एक चूक मात्र ग्राहकाच्या कधीच लक्षात येत नाही : साध्या लोखंडावर चालवलेली ग्राइंडरची चकती किंवा तारेचा ब्रश स्टेनलेसवर वापरला, तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि महिनाभरात चांगल्या नळीवर गंजाचे ठिपके उमटतात. माझ्या चकत्या आणि ब्रश मी वेगळ्या डब्यात ठेवतो आणि तो डबा कोणालाही उसना देत नाही.

काही ग्राहक आवाजासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग, काढायला सांगतात. तिथे नवख्याने नम्रपणे, पण स्पष्ट नकार द्यावा. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 ने वाहनातील फेरफारांवर मर्यादा घातल्या आहेत, आणि धूर किंवा आवाजाचे नियम मोडणारी गाडी रस्त्यावर चालवली तर चालवणाऱ्याला आणि ती चालवू देणाऱ्या मालकालाही दंड होऊ शकतो.

गाडी परत देताना मी दोन गोष्टी सांगतो. पुळणीवर किंवा बंदरावर गाडी नेली, तर त्याच दिवशी एक्झॉस्ट थंड झाल्यावर मागची बाजू गोड्या पाण्याने धुवावी. आणि 500 किलोमीटर झाले की एकदा परत यावे, कारण तापून-थंडावून क्लॅम्प सैल होतात. कोल्हापूरचे ते गृहस्थ आले तेव्हा मी नवा व्हॅलन्स स्वखर्चाने बसवला आणि फटी मोजायला टेप त्यांच्याच हातात दिली.